विकासात्मक मानसशास्त्राचा सहायक प्राध्यापक नेमायचा आहे: जाहिरात, छाननी, मुलाखत

पाटीपेन्सिल
विभागाला बालविकास शिकवणारं आणि लहान मुलांवर संशोधन करणारं माणूस हवं असतं. पद मंजूर होतं, वर्षभर कागद फिरतात, आणि शेवटी रुजू होतं ते समुपदेशनातलं नाहीतर औद्योगिक मानसशास्त्रातलं कुणीतरी. माणूस हुशार असतो, पण विकासात्मक मानसशास्त्राचा पेपर पुन्हा तासिका तत्त्वावर जातो आणि लहान मुलांसाठी राखलेली खोली गोदाम होते.

यात वशिल्याचा वाटा किती, यावर दुसरा धागा काढा. माझं म्हणणं एवढंच की पुष्कळदा हा निकाल मुलाखतीच्या आधीच लागलेला असतो. जाहिरातीतल्या दोन ओळी आणि विषयतज्ज्ञांची यादी, या दोन जागी तो ठरतो. म्हणून हा धागा. महाराष्ट्रातली राज्य विद्यापीठं आणि अनुदानित महाविद्यालयं एवढ्यापुरतंच बोलू. विद्यापीठ अनुदान आयोगाचा १८ जुलै २०१८ चा विनियम आधाराला घेतला आहे.

आवश्यक अर्हता सगळ्यांना पाठ असते: संबंधित, सुसंगत किंवा संलग्न विषयात पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के (राखीव प्रवर्ग आणि दिव्यांगांना ५० टक्के), आणि नेट किंवा सेट (अध्यापकपदाची राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा). २००९ किंवा २०१६ च्या विनियमाप्रमाणे पीएचडी झाली असेल तर नेट-सेटची सूट.

आता जाहिरातीची ओळ. 'सहायक प्राध्यापक, मानसशास्त्र, १ पद' एवढंच छापलं तर समितीच्या हातात काहीच राहत नाही. चिकित्सा मानसशास्त्रातल्या उमेदवाराचे गुण जास्त असतील तर त्याला बोलवावंच लागतं, आणि समोर बसलेल्या चांगल्या उमेदवाराला 'तुमचं विशेषीकरण आम्हाला नको' असं कुठल्या आधारावर सांगणार? उलट टोकाला जाऊन 'विकासात्मक मानसशास्त्रात पीएचडी आवश्यक' असं लिहिलं, तर ज्या प्रवर्गाचा बिंदू (आरक्षणाच्या क्रमातली जागा) आहे त्यात अर्ज एक किंवा शून्य येतात आणि जाहिरात पुन्हा काढायची पाळी येते. शिवाय पीएचडीच्या पदवीपत्रावर नुसतं 'मानसशास्त्र' असतं. विशेषीकरण कुठे छापलेलं असतं?

मधला रस्ता म्हणजे आवश्यक अर्हता विनियमातली जशीच्या तशी, आणि खाली 'इष्ट' म्हणून कामाचं वर्णन. उदाहरणार्थ: '० ते १८ वर्षे वयोगटातील सहभागींवरील संशोधन (प्रबंध किंवा प्रकाशित लेख), अनुलंब अथवा निरीक्षणात्मक पद्धतीचा अनुभव, पदव्युत्तर स्तरावर बालविकास व संशोधनपद्धती शिकविण्याची तयारी.' (अनुलंब म्हणजे त्याच मुलांना काही वर्षं पुन्हा पुन्हा मोजणं.) पदवीच्या नावावर अडून न बसता काम काय केलंय ते विचारा. ते कागदावर तपासताही येतं.

गणपुळेकर
मुद्दा बरोबर, पण 'इष्ट' लिहून भागत नाही. त्या इष्ट अर्हतेचं छाननीत काय करणार हे अर्ज उघडायच्या आधी ठरवून इतिवृत्तात यायला हवं. नंतर ठरवलं की तक्रार आलीच, आणि ती टिकते.

महाविद्यालयाचा क्रमही लिहून ठेवतो, कारण मानसशास्त्राचे विभाग छोटे असतात आणि विभागप्रमुखालाच हे सगळं निस्तरावं लागतं. आधी कार्यभार तपासणी, मग पद भरायला शासनाची ना हरकत. बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची, त्यानंतर जाहिरातीच्या मसुद्याला विद्यापीठाची मान्यता. मग जाहिरात, अर्ज, छाननी. तज्ज्ञ आणि कुलगुरू-प्रतिनिधी मागवायचे, मुलाखत घ्यायची, विद्यापीठाची नियुक्ती-मान्यता मिळवायची आणि शेवटी सहसंचालक कार्यालयात वेतननिश्चिती. स्तर १०, मूळ वेतन ५७,७०० पासून.

यात एक गोची आहे. मसुद्याला मान्यता मिळाल्यावर 'इष्ट' ची ओळ घालायचं आठवतं, मग शुद्धिपत्रक काढावं लागतं आणि अर्जाची मुदतही वाढवावी लागते. म्हणून ती ओळ पहिल्या मसुद्यातच हवी.

तिरकी रेघ
पण विद्यापीठ विभागात आता पीएचडी सक्तीची आहे ना? मग नेटवाल्यांचा प्रश्न येतोच कुठे?

गणपुळेकर
नाही. २०१८ च्या विनियमात १ जुलै २०२१ पासून विद्यापीठ विभागांना पीएचडी सक्तीची होती. ती तारीख आधी १ जुलै २०२३ पर्यंत पुढे गेली आणि २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन अटच निघाली. किमान अर्हता म्हणून नेट, सेट चालतं. चालतं म्हणजे अर्ज चालतो. गुणतक्त्यात काय होतं ते बघा.

विनियमातला विद्यापीठांसाठीचा छाननीचा तक्ता (३अ): पदवीला १५ पर्यंत, पदव्युत्तरला २५ पर्यंत, पीएचडी ३०, जेआरएफ (नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) ७ किंवा नेट ५ किंवा सेट ३, प्रकाशनं १० पर्यंत (प्रत्येकी २), अनुभव १० पर्यंत (वर्षाला २), पुरस्कार ३ पर्यंत.

उमेदवार क: बीए ६२ टक्के (१३), एमए ६८ टक्के (२३), पीएचडी (३०), नेट (५), चार लेख (८), साडेतीन वर्षं अनुभव (७). एकूण ८६.
उमेदवार ख: बीए ८१ टक्के (१५), एमए ७४ टक्के (२३), जेआरएफ (७), एक लेख (२), अनुभव नाही. एकूण ४७.

सक्ती गेली तरी पीएचडी नसलेला विद्यापीठात मुलाखतीपर्यंत क्वचितच पोचतो, तो असा. महाविद्यालयांचा तक्ता (३ब) वेगळा आहे: पदवीला २१ पर्यंत, पीएचडी २५, जेआरएफ १०, नेट ८, सेट ५, आणि प्रकाशनांना फक्त ६. तिथे क चे ८८ होतात आणि ख चे २१ + २३ + १० + २ म्हणजे ५६. दरी कमी होते. एकच एक्सेल शीट दोन्हीकडे वापरणारे लोक आहेत, म्हणून सांगितलं.

मानसशास्त्रात नेहमी दिसणारी आणखी एक चूक म्हणजे एमफिल आणि पीएचडीचे गुण मिळवणं. दोन्ही मिळून विद्यापीठ तक्त्यात कमाल ३० च. चिकित्सा मानसशास्त्राच्या एमफिलचे ७ गुण पीएचडीवर चढवून ३७ केलेली छाननीपत्रकं सापडतात, आणि त्यानेच यादीचा वरचा भाग चिकित्सावाल्यांनी भरतो.

भाकरीचा_चंद्र
प्रश्न विचारायचा होता. गृहविज्ञान शाखेतून मानवी विकास विषयात एमएस्सी आणि पीएचडी, नेट गृहविज्ञानात (विषय क्रमांक १२). मानसशास्त्राच्या पदाला अर्ज केला तर छाननीतच बाद होतो का? काही ठिकाणी 'अपात्र' शेरा येतो, काही ठिकाणी बोलावतात.

पाटीपेन्सिल
हाच खरा ठसठसणारा मुद्दा. बालविकासातलं भक्कम काम भारतात बरंचसं गृहविज्ञानाच्या छताखाली झालं आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातला मानवी विकासाचा विभाग घ्या किंवा मुंबईचं एसएनडीटी. डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात बसवलेल्या प्रमाणकांवरूनच पुढे भारतीय अर्भकांसाठीची 'डासी' ही विकासमापन श्रेणी आली. मानसशास्त्राच्या विभागाने हे दार बंद ठेवलं तर नुकसान त्याचंच आहे.

विनियमात 'संबंधित / सुसंगत / संलग्न विषय' असे शब्द आहेत. पण संलग्न म्हणजे कोणते विषय हे जाहिरातीत लिहिलं नाही तर छाननी करणारा कारकून किंवा समिती आपापल्या मताने ठरवते. म्हणून तुम्हाला दोन प्रकारचे अनुभव येतात. उपाय विभागाच्या हातात आहे: अभ्यासमंडळाचा ठराव घ्यायचा की मानवी विकास, बालविकास हे या पदासाठी संलग्न विषय मानावेत, आणि त्या ठरावासकट जाहिरातीचा मसुदा पाठवायचा.

गणपुळेकर
ठराव पदव्युत्तर पदवीपुरता चालतो. नेटचा विषय वेगळा असण्यावर मात्र अडतं. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाचा नवा मसुदा आला त्यात पदवीपेक्षा नेट किंवा पीएचडीच्या विषयाला महत्त्व देण्याची कल्पना होती, आणि तेव्हापासून अर्जांसोबत तो मसुदा जोडणारे उमेदवार दिसतात. मसुदा हा मसुदाच. जाहिरातीत २०१८ चा विनियम लिहिला असेल तर छाननी त्यानेच होणार.

भाकरीचा_चंद्र यांनी सोपा मार्ग धरावा. पीएचडी असल्याने नेटची सूट लागू होते, तर अर्जात पीएचडीच्या सूटीवर पात्रता सांगा, नेट 'अतिरिक्त' म्हणून दाखवा. कुलसचिवांचं पीएचडी विनियमानुसार झाल्याचं प्रमाणपत्र सोबत जोडा. ते नसलं की सूट मिळत नाही, मग पदवीपत्र कितीही सोनेरी असो. ११ जुलै २००९ पूर्वी नोंदणी झालेल्यांना तर पाच अटींचं वेगळं प्रमाणपत्र लागतं: नियमित पद्धत, दोन बाह्य परीक्षक, खुली मौखिक परीक्षा, दोन शोधलेख, दोन सादरीकरणं.

ओसरी
गोव्याचं थोडक्यात: सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी एकच, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पण सरकारी महाविद्यालयांची पदं गोवा लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात, आणि तिथे १५ वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं इष्ट. कोल्हापूर-सिंधुदुर्गातून सेटच्या जोरावर अर्ज टाकणाऱ्यांनी आधी हे वाचावं, टपालखर्च वाचेल.

खडूफळा
आता तज्ज्ञांच्या यादीबद्दल. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाच्या निवड समितीत कुलगुरू, कुलपतींचे प्रतिनिधी, तीन विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता आणि विभागप्रमुख असतात. गरजेप्रमाणे मागास, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग प्रवर्गाचे प्रतिनिधी. गणपूर्तीला किमान चार सदस्य, त्यात दोन बाहेरचे विषयतज्ज्ञ हवेत.

हे तज्ज्ञ ज्या मंजूर यादीतून येतात ती एकदा तयार झाली की वर्षानुवर्षं तीच चालते. मानसशास्त्राच्या यादीत चिकित्सा, समुपदेशन, औद्योगिक हेच भरलेले असतात. विकासात्मकचं एक नाव असलं तर त्या दिवशी ते नेमके परदेशी. मग तिन्ही तज्ज्ञ आपापल्या पेपरातलं विचारतात आणि बालविकासवाल्या उमेदवाराची रोर्शाकवर (शाईच्या डागांची चाचणी) उलटतपासणी होते. यादीत दोन-तीन नावं घालायचा प्रस्ताव पद मंजूर व्हायच्या आधीच टाकून ठेवावा. जाहिरात निघाल्यावर टाकला तर तो कुणासाठी टाकला अशी शंका येते, आणि ती रास्तही असते.

दुसरी काळजी: या विषयातली माणसं मुळात थोडी. तज्ज्ञ म्हणून आलेले गृहस्थ एखाद्या उमेदवाराचे मार्गदर्शक किंवा सहलेखक निघण्याची शक्यता मोठी. अर्जांतल्या मार्गदर्शकांची आणि सहलेखकांची नावं काढून तज्ज्ञांच्या नावांशी ताडून पाहायला अर्धा तास लागतो. मुलाखतीच्या सकाळी कळलं तर गणपूर्ती कोसळते.

तिरकी रेघ
ताडून पाहिलं आणि सापडलं की काय करतात? 'सर, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा', मग चहा. त्याने काय साधतं?

खडूफळा
एका उमेदवारापुरतं बाहेर बसणं पुरेसं नाहीच, कारण बाकीच्यांना दिलेले गुणही त्याच हाताचे असतात. तज्ज्ञच बदलावा. त्यासाठी वेळ हवा, म्हणून सकाळी नको, आधी.

पाटीपेन्सिल
प्रकाशनांकडे येऊ. विद्यापीठाच्या तक्त्यात पाच लेख झाले की १० पैकी १० गुण संपतात, त्यामुळे पाच आणि पंचवीस सारखेच. हे विकासात्मकवाल्यांच्या पथ्यावर पडतं. मुलांच्या एकाच गटाला तीन-चार वर्षं धरून ठेवणाऱ्याचे लेख कमी असतात, आणि एका गूगल फॉर्मवर ३०० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची 'आत्मसन्मान व समायोजन' मोजणाऱ्याचे दर सहा महिन्याला येतात.

मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने बंद केली. त्यामुळे 'यादीत आहे' एवढ्यावर लेख धरायचे दिवस गेले, समितीला लेख उघडून पाहावा लागतो. मी तीन गोष्टी आधी पाहतो. पद्धतीच्या भागात मुलांची वयं महिन्यांत दिलीत का (नुसतं 'प्राथमिक शाळेतील मुले' लिहिणाऱ्याला या विषयाचा गंध नाही). पालकांची संमती आणि नैतिक समितीचा क्रमांक आहे का. आणि गळती, म्हणजे अभ्यासातून मध्येच किती मुलं गेली, ते सांगितलं आहे का.

सातासमुद्रापार
अमेरिकेतल्या संशोधन विद्यापीठांत हीच निवड कशी होते ते तुलनेसाठी लिहिते, नक्कल करा म्हणून नाही.

जाहिरात ऑगस्ट-सप्टेंबरात येते, रुजू होणं पुढच्या ऑगस्टात. अर्जात आवरणपत्र, सविस्तर परिचय, संशोधनाचं निवेदन, अध्यापनाचं निवेदन आणि तीन शिफारसपत्रं. विभागाचीच शोधसमिती सगळं वाचते, दहाएक जणांशी व्हिडिओवर वीस-तीस मिनिटं बोलते, आणि साधारण तिघांना दोन दिवसांसाठी बोलावते. त्यात तासाभराचं संशोधन-व्याख्यान आणि प्रश्न, कधी अध्यापनाचा नमुना, अधिष्ठात्यांची भेट, विद्यार्थ्यांसोबत जेवण. गुणतक्ता नसतो. त्याचा तोटाही आहेच: 'आमच्यात मिसळेल का' या नावाखाली काहीही खपतं. लग्न झालंय का, मुलं आहेत का, हे जेवणाच्या टेबलावरही विचारू नये असं समितीला बजावलेलं असतं, कारण भेदभावाचा दावा तिथूनच उभा राहतो. आपल्याकडे हा प्रश्न महिला उमेदवारांना सर्रास विचारला जातो, आणि बालविकासात अर्ज करणाऱ्यांत महिला जास्त.

निवड झाल्यावर खरी घासाघीस होते ती प्रयोगशाळेच्या निधीवर. अर्भकांवर काम करणारी व्यक्ती दृष्टिमागोवा यंत्र, ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवणारं यंत्र), तळमजल्यावरची खोली, आईवडिलांना गाडी लावायची जागा आणि कुटुंबांना फोन करणारा एक पगारी माणूस मागते. शेवटच्या दोन गोष्टी गमतीच्या वाटतील, पण गाडी लावायला जागा नसेल तर चार महिन्यांचं बाळ घेऊन कुणी दुसऱ्यांदा येत नाही.

तिथे पीएचडी करून परतणाऱ्यांसाठी: जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मधल्या विद्यापीठाची पीएचडी असेल तर नेटची सूट २०१८ च्या विनियमात आहे (क्यूएस, टाइम्स किंवा शांघाय). पण बीएनंतर थेट पीएचडी केलेल्यांकडे पदव्युत्तर पदवीचा कागद नसतो. वाटेत एमए किंवा एमएस घेता येत असेल तर ती पदवी रीतसर मागून घ्या, आणि श्रेणीचे टक्के कसे होतात याचं विद्यापीठाचं पत्रही. छाननीच्या तक्त्यात पदव्युत्तरचे गुण टक्क्यांवरच मिळतात.

भाकरीचा_चंद्र
गणपुळेकर, पाटीपेन्सिल, दोघांचे आभार. मुलाखतीत या विषयासाठी नेमकं काय विचारलं जावं? 'पियाजेच्या (मुलांच्या विचारक्षमतेच्या वाढीच्या) अवस्था सांगा' याच्या पुढे गाडी जात नाही.

खडूफळा
अवस्था सांगता येणं हा बीएचा प्रश्न आहे. विनियमाप्रमाणे तक्त्याचे गुण फक्त बोलावण्यापुरते आणि निवड मुलाखतीवर. राज्यातल्या अकृषी विद्यापीठांसाठी २०२५ मध्ये दोन्हींचे गुण एकत्र धरायचं सूत्र आलं, म्हणून जाहिरातीत छापलेलं सूत्र बघा. काहीही असलं तरी मुलाखतीचे प्रश्न सगळ्यांना सारखे आणि आधी लिहिलेले हवेत. माझ्या मते हे विचारावेत:

पहिला. 'एका अंगणवाडीत ३, ४ आणि ५ वर्षांच्या मुलांची एकाच आठवड्यात शब्दसंपत्तीची चाचणी घेतली. पाच वर्षांची मुलं पुढे निघाली. यावरून शब्दसंपत्ती वाढते असं म्हणाल का?' उमेदवाराने म्हणायला हवं की वय आणि जन्मवर्ष एकमेकांत गुंतले आहेत, एकच मूल कसं वाढतं ते यात दिसत नाही. त्यातही टाळेबंदीत, म्हणजे २०२० आणि २०२१ मध्ये अंगणवाडीचं वय असलेल्या तुकडीचं उदाहरण ज्याला आपणहून सुचलं त्याला वरचा गुण.

दुसरा, गळतीचा हिशोब. १२० मुलं घेऊन सुरुवात केली, दर फेरीला १५ टक्के गेली, तर आणखी तीन फेऱ्यांनंतर किती उरतात? १०२, ८७, ७४. उत्तर चुकलं तरी हरकत नाही. पुढचा प्रश्न महत्त्वाचा: गेली ती कोण? बीड जिल्ह्यात काम करायचं आणि मोजणीची फेरी जानेवारीत ठेवायची, तर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचीच मुलं गळणार. उरलेल्यांची सरासरी आपोआप सुधारलेली दिसेल आणि ती 'वाढ' म्हणून छापली जाईल. फेरी दिवाळीआधी आणि पट्टा पडल्यावर (ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर) मे-जूनात घ्यावी, हे ज्याला कळतं त्याने मैदान पाहिलेलं आहे.

तिसरा, साधनं. डासी ३० महिन्यांपर्यंतच चालते. त्यापुढच्या मुलावर ती वापरल्याचं लेखात दिसलं तर विचारा. बिने-कामत किंवा नागपूरच्या मालिन यांची मिसिक ही बुद्धिमापन चाचणी वापरली असेल तर प्रमाणकं किती जुनी आणि त्याचा बुद्ध्यांकावर परिणाम काय, हे विचारा. जुन्या प्रमाणकांवर आजच्या मुलांचे गुण फुगलेले दिसतात. भाषांतरित साधनाबद्दल नक्की विचारा. इंग्रजी शब्दयादीचं शब्दाला शब्द मराठी केलं की 'अंकल' चा एकच शब्द होतो आणि आपल्या पोराला काका, मामा, आत्याचे यजमान हे सगळे वेगळे माहीत असतात. गुण कमी पडतात ते यादीचे, आणि दोष येतो मुलाच्या माथी.

चौथा, वय. मूल ९ महिन्यांचं आहे पण ८ आठवडे आधी जन्मलं, तर कुठलं वय धरणार? (दुरुस्त वय, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत.) जन्मतारीख कुठून घेणार? माता-बाल संरक्षण कार्डावरून की शाळेच्या दाखल्यावरून? दाखल्यावर १ जूनची गर्दी दिसली तर काय?

पाचवा, नैतिकता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वयाला तोंडी होकार, १२ ते १८ ला लेखी, आणि दोन्हीकडे पालकांची संमती. हे सगळे सांगतात. पुढे विचारा: मुलाखत घेताना मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर? पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे संमतिपत्रात 'सर्व माहिती गोपनीय राहील' हे सरसकट वाक्य लिहिताच येत नाही, अपवाद आधी सांगावा लागतो. या प्रश्नावर बरेच उमेदवार अडखळतात, आणि अडखळण्याचा प्रकार पाहूनच कोण मुलांसोबत बसलेलं आहे ते कळतं.

तिरकी रेघ
प्रश्न झकास. पण एका उमेदवाराला दहा-बारा मिनिटं मिळतात. पाच प्रश्न त्यात कसे बसवणार?

खडूफळा
पहिला आणि पाचवा बसतात. बाकीच्यासाठी अध्यापनाचा नमुना वेगळा ठेवा, पंधरा मिनिटं, सगळ्यांना एकच विषय आणि तोही आदल्या दिवशी. विषय असा निवडा की पाठ्यपुस्तक पुरणार नाही. वस्तूचं स्थायित्व (नजरेआड झालेली वस्तू असतेच, ही जाण) चांगलं चालतं: पियाजेचं म्हणणं, मग १९८५ चा बायार्जाँ, स्पेल्की आणि वासरमन यांचा प्रयोग ज्यात पाच महिन्यांची बाळं 'अशक्य' घटनेकडे जास्त वेळ पाहतात, आणि मग खरा प्रश्न, जास्त पाहणं म्हणजे 'समजणं' का? किंवा मिशेल यांचा गोड खाऊसाठी (मार्शमेलो) थांबण्याचा प्रयोग आणि २०१८ मधली वॉट्स, डंकन, क्वान यांची पुनरावृत्ती, ज्यात घरची परिस्थिती हिशोबात धरल्यावर लहानपणी थांबणं आणि पुढची प्रगती यांचा आधी दिसलेला संबंध बराच ओसरला. वर्गात नुसती गोष्ट सांगून संपवणारा आणि पुनरावृत्तीपर्यंत नेणारा, फरक पंधरा मिनिटांत उघड होतो.

सातासमुद्रापार
सहमत. फक्त एक: नमुना मराठीत द्यायचा की इंग्रजीत हे आधी सांगा. उमेदवाराची तयारी एकीत आणि समितीची अपेक्षा दुसरीत, यात चांगला माणूस हातचा जातो.

पाटीपेन्सिल
रुजू झाल्यानंतरचं जाता जाता. आपल्याकडे अमेरिकेसारखा निधी नाही. पण पैसे नसतानाही विभाग देऊ शकतो अशा गोष्टी आहेत: तळमजल्यावरची १० बाय १२ ची खोली, सतरंजी, धुता येतील अशी खेळणी, कोपऱ्यात पडदा लावलेली अंगावर पाजायची जागा, दोन कॅमेरे. बाळाचं सत्र १५-२० मिनिटांच्या वर नेऊ नये आणि झोपेच्या वेळी ठेवू नये. तरी रडून काही सत्रं वाया जातातच, म्हणून लागतील त्यापेक्षा तिसरा हिस्सा जास्त बाळं बोलवावीत. अंगणवाडीत जायला बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत जायला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी. ती पत्रं नव्या माणसाने एकट्याने मागितली की महिने जातात. विभागप्रमुखाच्या सहीने जावीत.

आणि आठवड्याचे १६ तास शिकवण्याचे आहेतच. ते सगळे सकाळच्या सत्रात लावू नका. अंगणवाडी सकाळी भरते.

भाकरीचा_चंद्र
शेवटचं. तासिका तत्त्वावरचा अनुभव धरतात का? आणि पाच महिन्यांचा तुकडा?

गणपुळेकर
वर्षापेक्षा कमी काळ असेल तर गुण प्रमाणात कमी होतात, शून्य होत नाहीत: पाच महिन्यांचे २ च्या बारा भागांपैकी ५, म्हणजे ०.८३. वर मी क ला साडेतीन वर्षांचे ७ दिले ते याच हिशोबाने. तासिका तत्त्वाच्या अनुभवावर वाद होतो तो प्रमाणपत्रामुळे. 'दि. अमुक ते तमुक कार्यरत होते' एवढंच असेल तर छाननीत उडतं. प्रमाणपत्रावर नियुक्तीपत्राचा आणि विद्यापीठ मान्यतेचा जावक क्रमांक, मंजूर पदासमोर होता का, आठवड्याचे तास आणि शिकवलेले पेपर, हे सगळं प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानिशी हवं. मान्यतेचं पत्र महाविद्यालयाच्या धारिकेत पडलेलं असतं आणि उमेदवाराला दिलेलंच नसतं. नोकरी सोडायच्या आठवड्यातच प्रत मागून घ्या.